सीटखालची रिकामी पिशवी

विमानातून उतरताना तुम्ही काय उचलून घरी आणलं आहे?

लगेच ‘काही नाही’ म्हणू नका, आठवून बघा. जेवणाबरोबर आलेला चमचा, पांघरायला दिलेली शाल, कानाला लावायची वायर. शिकल्यासवरलेल्या लोकांच्या घरी मी असे चमचे पाहिले आहेत. ते दाखवताना लोक हसतात आणि पाहुणेही हसतात. मी कधी हसले नाही. अशा गोष्टींवर हसायचं नसतं हे मला माझ्या बाबांनी शिकवलं होतं.

आणि माझ्या बाबांनी सीटखालचं लाइफ जॅकेट आणलं.

आमचं घर पांढरकवड्याला. बाबा छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तकं छापायची आणि संध्याकाळी मालकाला विचारून कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर स्वतःची पत्रकं छापायची. बस थांबत नाही, रेशनचा गहू किडका आहे, शाळेचं छप्पर गळतं, असं काहीही. प्रत्येक पत्रकाखाली स्वतःचं पूर्ण नाव. निनावी पत्रक कोणाचंच नसतं, असं ते म्हणत. फसलेली पत्रकं घरी येत. आई त्यात माझ्या शाळेच्या डब्याची पोळी गुंडाळायची, त्यामुळे कधी कधी पोळीवर ‘निषेध’ उमटलेला असायचा, उलटा. मी वाचायला शिकले ती त्या पट्ट्यांवर. भांडायला शिकले तीही तिथेच. आज मी जे काही लिहिते त्याची शाई त्या छापखान्यातली आहे.

इतर मागण्या बदलत, पण एक मागणी दर वर्षी परत यायची, आणि ती माझ्या आत्यासाठी होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण; बाबा आणि तिचं गाव तिला ‘बाई’ म्हणतात. ती पैनगंगेच्या काठावरच्या एका गावात दिलेली. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. तिच्या वाडीतली वांगी आणि मिरच्या पलीकडच्या आठवडी बाजारात जातात. पुलावरून जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो, म्हणून सगळं गाव डोंग्याने जातं. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव. त्यात माणसं, टोपल्या, एखादी शेळी आणि कधी कधी मोटरसायकलही असते. आत्याला पोहता येत नाही. पावसाळा संपतो, नदी भरून वाहत असते, आणि आत्या टोपली मांडीवर घेऊन त्यात बसते.

‘डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्या.’ हे पत्रक बाबांनी इतक्यांदा छापलं की त्याचे टाइप वेगळ्या खोक्यातच ठेवलेले असत. अलीकडच्या कचेरीत उत्तर मिळायचं, डोंगा पलीकडच्या माणसाचा आहे. पलीकडे म्हणत, बसणारी माणसं अलीकडची आहेत. नदी दोघांचीही नव्हती.

मग माझं एक छोटं पुस्तक निघालं. हैदराबादच्या काही मराठी वाचकांनी मला बोलायला बोलावलं आणि विमानाची दोन तिकिटं पाठवली. दुसरं मी बाबांसाठी मागून घेतलं होतं.

“हैदराबादची बस आपल्या घरासमोरून जाते,” बाबा म्हणाले. “आन तू मले उलटी नागपूरले नेऊन राह्यली. तेथून परत आपल्याच घरावरून उडायचं. हे कोणतं शहाणपण?”

“एकदा बसून त पाहा, बाबा.”

बसले. शबनम झोळी पायाशी धरून, पट्टा घट्ट आवळून. मी खिडकीपाशी आणि ते वाटेच्या बाजूला. विमानातली मुलगी पुढे उभी राहून पिवळं जॅकेट गळ्यात घालून दाखवू लागली. कोणीच बघत नव्हतं. मीही मोबाइल बंद करण्याआधी एक शेवटचा निरोप लिहीत होते. तेवढ्यात माझ्या शेजारचा हात वर गेला. सभेत जातो तसा, कोपर ताठ.

“ताई, एक शंका हाये. नागपूर ते हैदराबाद, यात समुद्र कोठी लागते?”

आधी मागची रांग हसली, मग पुढची. कोणीतरी म्हणालं, “काका, पोहायची चड्डी आणली का?”

“बाबा, हात खाली करा न,” मी दातावर दात ठेवून म्हणाले. “लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. शंका सभेतच विचारावं.”

ती मुलगी मराठी निघाली. “काका, नद्या असतात, तलाव असतात. आता बसा, मी नंतर येते.” मला वाटलं, टाळलं. पण पाणी वाटून झाल्यावर ती खरंच आली, वाटेत उकिडवी बसली आणि बाबांना समजावू लागली. मी खिडकीकडे तोंड केलं होतं, पण ऐकू येत होतं.

“घालायचं आत, पण फुगवायचं नाही. दाराशी पोचलं, बाहेर पडायची वेळ आली, की मगच लाल पट्टी ओढायची.”

“आतच फुगवलं त?”

“आत पाणी भरलं तर तुम्ही वर छताला जाऊन चिकटाल, काका. दार खाली राहील. फुगलेल्या जॅकेटने बुडी मारता येत नाही. आणि तुमच्यामागे जे आहेत त्यांची वाटही तुम्हीच अडवाल.”

“म्हणजे आंधी बाहेर निघायचं, मंग तरंगायचं,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. पत्रकाला चांगली ओळ सापडली की उजळतो तसा.

थोड्या वेळाने ते माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकले. खाली कापसाच्या आणि तुरीच्या चौकोनी पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यामधून एक वाकडी चकाकती रेघ. “ते पाह्य, आपली नदी. बाईचा घाट दिसते का?”

“एवढ्या वरून डोंगा नाही दिसत, बाबा.”

“डोंगा नको दिसू दे. पाणी त दिसते.”

हैदराबादला मी बोलले. आमच्या घरात शाळेतल्या खडूचा तुकडाही कधी आला नाही, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयोजकांनी बाबांना उभं राहायला सांगितलं आणि ते ओशाळून अर्धवट उभे राहिले. परतीच्या विमानात त्या टाळ्या कानात घेऊन मी झोपी गेले.

बाबांनी हात घातला तो उतरताना. सगळे उभे राहून वरच्या बॅगा ओढत होते. ते एकटेच बसून होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. “मी नुसतं पाह्याले हात घातला, खरंच रायते का म्हणून. पिशवी हाताले लागली. मंग ते हातातच रायलं.”

काही दिवसांनी आम्ही आत्याकडे गेलो. दिवाळी होऊन गेली होती, नदी काठाला लागलेली होती. अंगणात चहा झाला आणि बाबांनी झोळीतून पिवळी घडी काढून आत्याच्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, हैदराबादच्या बाजारात घेतलं असेल. मला फार अभिमान वाटला, हेही इथेच लिहून टाकते. विमानात त्यांनी हात वर केला तेव्हा मला लाज वाटली होती आणि अंगणात त्यांनी घडी काढली तेव्हा अभिमान वाटला. दोन्ही वेळा माझं उलटं झालं.

आत्याने आधी त्या घडीला हळदीकुंकू लावलं. नवी वस्तू आली की ती लावतेच, मग ती विळी असो की मोबाइल. तोवर शेजारपाजारचे गोळा झाले. बहिणीचं गाव, त्यामुळे तिथल्या लहानथोरांचे बाबा ‘मामा’ आहेत.

“मामा, हे काय, फवारणीचं जाकीट का?”

“बुडू नये म्हणून हाये,” बाबा म्हणाले.

“घाल बाई, घाल. बाजारात जाशीन का हैदराबादले?” शेजारीण म्हणाली.

डोंगेवालाही आला होता. तो म्हणाला, “बाई हे घालून बसली त बाकीचे मलेच पकडतीन. आमचं कोठी हाये म्हणून.”

“तेच पाह्यजे,” बाबा म्हणाले. “त्यायनं विचारलंच पाह्यजे.” ते ओट्यावर चढले. त्या मुलीसारखे हात करून त्यांनी आत्याला पट्टे बांधायला लावले. “आता आयका. ही लाल पट्टी. डोंग्यात बसल्या-बसल्या ओढायची नाई. पाण्यात पडल्यावरच ओढायची.”

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते अजून चड्डीत फिरत होते.

“पाण्यात पडल्यावर? तवा माह्या हाताले पट्टी सापडन का रे, भाऊ? आपले पोरं विहिरीत उतरतात त डबा कवा बांधतात?”

सगळे हसले. आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. तेलाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, तोंड झाळून हवाबंद करायचा आणि पाठीला दोराने करकचून बांधायचा. मग थोरला कोणीतरी काठावरून ढकलून देतो. आजकाल प्लास्टिकची कॅन बांधतात. पण हवेने भरलेला डबा आधी बांधायचा आणि उडी नंतर मारायची, यात कोणाला कधी शंका आलेली नाही. डबा गळका नाही ना, हे आधी हौदात दाबून बघतात.

“रिकामं कापड बांधून कोणी उडी मारते का?” आत्या म्हणाली.

“बाईचं बराबर हाये.”

“ओढून पाह्य न बाई. हवा हाये का नाई त कळन.”

“नाई नाई, थांब,” बाबा ओट्यावरून उतरत म्हणाले. पण आत्याने ओढली होती.

फस्सकन आवाज झाला. ओट्याखालचं कुत्रं भुंकत पळालं. आत्याच्या गळ्याभोवती दोन पिवळे पोंगे टरारून उभे राहिले आणि तिची हनुवटी वर ढकलली गेली. “अगं माय! गाभण म्हशीवानी झाली मी त!” ती म्हणाली, आणि सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या.

घडीत दुमडून असलेली अक्षरं आता ताणून सपाट झाली होती. शेजारचा जीपवाला पुढे सरकून वाचू लागला. आधी कंपनीचं नाव. मग त्याखालची ओळ, इंग्रजीत आणि हिंदीत. तो थांबला, परत वाचली, आणि मोठ्याने हसला.

“मामा! यावर त लिहून हाये, विमानाच्या बाहेर नेऊ नये म्हणून!”

“म्हणजे? मामानं उचलून आणलं?”

“मामानं त विमानच लुटलं!”

“मामा, आणायचीच होती त एखादी खिडकी त आणाची. बाईच्या सैपाकघराले उजेड झाला असता.”

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खूश होते. इतकी वर्षं हा माणूस त्यांना रेशनच्या काट्यावरून, शाळेच्या छपरावरून, मतदानाच्या आदल्या दिवशीच्या साड्यांवरून बोल लावत आला होता. आज तो त्यांच्यातलाच निघाला. एकाने प्रेमाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. बाबा अंगणात उभे होते आणि त्यांचे हात अजून त्या मुलीच्या हातांसारखे अर्धवट वर होते.

घरात गेल्यावर मी सुरू केलं.

“तुमी चोरी केली, बाबा.”

“मागून पाह्यलं न मी. तुह्या जन्माच्या आंधीपासून मागून राह्यलो. कोणं देल्लं?”

“म्हणून दुसऱ्याच्या सीटखालचं आणायचं?”

“माह्याच सीटखालचं होतं.”

“तुमी उठले, की ते सीट दुसऱ्याचं झालं.”

“नागपूर ते हैदराबाद. कोठी बुडते तो दुसरा?”

“नदी तुमीच दाखवली मले. बोट लावून.”

एवढ्यावर मी थांबले नाही. मी त्यांचीच वाक्यं त्यांना सुनावली, एकामागून एक, पोळीवरून वाचलेली सगळी. शेवटी आत्याच ओरडली. “चूप बसा. सारं गाव आयकून राह्यलं.” ती त्या फुगलेल्या पोंग्यांमधून मान काढायचा प्रयत्न करत होती. बाबांनी आगकाडीने नळीची झडप दाबून धरली तेव्हा हवा हळूहळू शिटी वाजवत गेली. जॅकेट फुगवणारी आतली गॅसची कुपी एकदाच कामाची असते. ती संपली होती.

“बाई, तोंडानं फुगवता येते हे,” बाबा खालच्या आवाजात म्हणाले. “या नळीतून.”

“मंग हवा त माही रायन. पण कापड चोरीचंच न?” आत्याने घडी घालून ती त्यांच्या झोळीवर ठेवली. “घेऊन जा. मी घालून बसन त लोक नदीकडे नाई पाहणार, माह्या छातीवरचं नाव वाचतीन. चोरीच्या कापडावर मले नाई तरंगायचं.”

मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्याच्या ज्या एका कोपऱ्यात नेटवर्क येतं तिथे बसून मी वाचत राहिले. नागपूर-हैदराबादमधला तो दुसरा माणूस खरंच बुडू शकतो का, हे मला बाबांना सिद्ध करून दाखवायचं होतं. विमान पाण्यावर उतरवायची रीत असते. इंजिनं बंद पडली आणि धावपट्टी गाठता येत नसेल, तर पायलट सपाट पाणी शोधतो. चाकं पोटातच ठेवतो, कारण बाहेर काढलेली चाकं पाण्यात रुतली तर विमान तोंडावर आपटतं. वेग जमेल तितका कमी करायचा. नाक किंचित वर धरायचं, म्हणजे शेपटीकडचा भाग आधी टेकतो. दोन्ही पंख एका पातळीत हवेत, एका पंखाचं टोक आधी लागलं तर विमान गिरकी घेऊन फुटतं. समुद्र असेल तर लाटांना छेद न देता त्यांच्या ओळींच्या बाजूने उतरायचं, नदी असेल तर प्रवाहाबरोबर. पोटाखालची हवेची भोकं बंद करायची. आतल्या माणसांनी जॅकेट घालून, पट्टे आवळून डोकी खाली घालायची. मग सामान तिथेच सोडायचं आणि दाराकडे जायचं. मागचं दार पाण्याखाली गेलं असेल तर ते उघडायचं नाही.

आणि एक गोष्ट आणखी. जमलं तर बोटींच्या जवळ उतरायचं. त्यांच्या अंगावर नाही, पण त्यांना लवकर येता येईल इतक्या जवळ. कारण पाण्यावर उतरलेलं विमान फार वेळ तरंगत नाही, आणि माणसांना बाहेर काढायला आधी पोचतात त्या आजूबाजूच्या बोटी.

ही ओळ मी वाचली आणि पुढे गेले. तिचा अर्थ मला बाजाराच्या दिवशी कळला.

त्या दिवशी मी हट्टाने आत्याबरोबर गेले. “ये, विमानवाली,” डोंगेवाला म्हणाला. आत्या टोपली घेऊन मधल्या फळीवर बसली आणि मी तिच्याशेजारी. पाणी डोंग्याच्या काठापासून वीतभर खाली होतं. मध्यावर वारा सुटला. एक लाट आडवी आली आणि मी मांडीपर्यंत ओली झाले. “हालू नका. कोणी हालू नका. शेळी धरा,” डोंगेवाला म्हणाला, ओरडून नाही, सवयीने. समोरचा माणूस डबड्याने पाणी उपसू लागला. मी काय केलं माहीत आहे? माझा हात आपोआप फळीखाली गेला, विमानात सीटखाली जावा तसा. हाताला गढूळ पाणी लागलं, आणि एक तुटकी चप्पल.

आत्याचा एक हात टोपलीवर होता. दुसऱ्याने तिने फळी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“आत्या, भेव वाटते का?”

“वाटते न. वाटते म्हणून वांगे सडाचे थांबते का?”

वर आकाश मोकळं होतं. पण माझ्या डोक्यात ते विमान उतरत होतं. नाक वर, चाकं पोटात, प्रवाहाबरोबर, आणि या डोंग्याच्या जवळ, कारण रीत तशी आहे. दारं उघडतील. लोक बाहेर येतील, पट्ट्या ओढतील आणि पिवळे होऊन तरंगतील. आणि त्यांना ओढून घ्यायला जो माणूस वाकेल, त्याच्या अंगावर फाटका शर्ट असेल. माझी आत्या टोपली फेकून हात पुढे करेल. तिच्या अंगावर पिवळं काही नसेल. वाचवणाऱ्यांना जॅकेट नाही, आणि आमच्या घराने ते मिळवलं तेही अशा रीतीने, की वाचणाऱ्यांतला एक कमी झाला असता. आणि मी? मी तत्त्व जिंकून त्या डोंग्यात बसले होते. तत्त्व माझं होतं आणि पाणी तिचं. पलीकडच्या काठावर उतरले तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी टोपली उचलायला गेले, तर ती म्हणाली, “राहू दे, तुह्यानं नाई होत.”

बाबा आणि मी जॅकेट घेऊन नागपूरला गेलो. विमानतळाच्या दारात पहारेकऱ्याने तिकीट मागितलं.

“उडायचं नाई, साहेब. वापस कराचं हाये,” बाबा म्हणाले आणि घडी पुढे केली. पहारेकऱ्याने ती पाहिली, बाबांना पाहिलं, आणि आतून एका बाईंना बोलावलं. त्यांच्या डोळ्यांवर झोप होती.

“हा गुन्हा आहे, माहीत आहे ना, काका?”

“माहीत हाये. म्हणून आलो.”

त्यांनी जॅकेट उलटसुलट केलं. “वापरलंय. आता हे फेकूनच द्यावं लागेल.”

“ताई, एक शंका हाये,” बाबा म्हणाले. या वेळी हात वर नव्हता. “मी उतरल्यावर पिशवी रिकामी हाये हे कोणाले कळलं का? विमान परत उडाच्या आंधी?”

“तपासणी होते, काका. पण नेमकं कधी कळलं, ते मी नाही सांगू शकत.”

त्यांनी पोलिसांत कळवायला हवं होतं, आणि त्यांनी ते केलं नाही. “जा तुम्ही,” त्या म्हणाल्या. बाबांना शिक्षा हवी होती. परतीच्या वाटेत वडनेरला बस थांबली तेव्हा मी चहा आणला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

मग त्यांनी पत्रक काढलं. अर्ध्या भागात, मी विमानातून लाइफ जॅकेट चोरलं, ते परत केलं, पण ते निकामी झालं होतं. उरलेल्या अर्ध्यात तीच जुनी मागणी. खाली पूर्ण नाव. कच्ची प्रत माझ्याकडे दिली, नेहमीसारखी चुका काढायला. चूक नव्हती. तरी मी म्हणाले, “बाबा, ‘एका प्रवाशाने’ असं लिहिलं त?”

त्यांनी प्रतीसाठी हात पुढे केला. मी प्रत परत केली. घरात मी जे इतक्या जोरात बोलले होते, ते बसस्टँडवर वाचलं जाणार म्हटल्यावर माझा आवाज एवढाच उरला होता.

पत्रक वाटलं गेलं. चहाच्या टपरीवर लोकांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसून हसून दुमडून खिशात ठेवलं. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते कचेरीत. बाबा नेहमीसारखे अर्ज घेऊन गेले, मी बरोबर होते. टेबलामागच्या बाबूने पत्रक आधीच वाचलेलं होतं.

“काका, एक जॅकेट तर तुम्ही आणलंच होतं. बाकीची पण तशीच जमवा न. अर्ज कायले देता?”

शेजारची टेबलं हसली. पूर्वी ते बाबांना टाळत, कंटाळत, चिडत. आता हसले. इतक्या वर्षांत या मागणीला त्यांनी सगळं काही केलं होतं, पण तिच्यावर हसता आलं नव्हतं. ती सोय आम्ही करून दिली. अर्जावर फक्त ‘मिळाला’ असा शिक्का बसला. बाहेर आल्यावर बाबा जिन्यावर बसले आणि म्हणाले, “बाईचं मीच बुडवलं.”



आत्या अजून दर बाजाराला जाते. तिच्या घरात खुंटीवर आता एक प्लास्टिकची कॅन टांगलेली आहे, तोंड बंद केलेली, दोर बांधलेली. ती डोंग्यात नेत नाही. लोक हसतात, म्हणते.

बाबा आता मागायला गेले की लोकांना विमान आठवतं. म्हणून हे मी मागते आहे, आणि तुमच्याकडे मागते आहे. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा ती मुलगी जॅकेट दाखवत असताना मोबाइल खाली ठेवा आणि सीटखाली हात घालून बघा. पिशवी रिकामी लागली तर हात वर करा, कोपर ताठ ठेवून, लोक हसले तरी. आणि घरी परतलात, की तुमच्या गावाजवळ जिथे कुठे माणसं नावेने, डोंग्याने, तराफ्याने पाणी ओलांडतात, तिथे एकदा जा. त्यांच्याबरोबर बसा. मध्यावर गेल्यावर फळीखाली हात घाला. जे हाताला लागेल ते लिहून काढा, खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला, आणि त्या घाटाजवळच्या सरकारी कचेरीत स्वतः नेऊन द्या.